दोन विषयांची पुरुषसभा

बाईच्या प्रकृतीची काळजी जितकी पुरुषाला असते तितकी खुद्द बाईलाही नसते. सभा कोण भरवतो ते पाहावे.

अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातल्या दवाखान्याला हे सत्य उशिरा उमगले. इथल्या मेक्सिकन बायका कर्करोगाच्या तपासणीला का येत नाहीत, याचा दीर्घ अभ्यास झाला (बायकांना शेवटी विचारले). उत्तर एकच आले, "नवऱ्याला विचारून सांगते." तेव्हा नवऱ्यांनाच आरोग्यदूत नेमले. पहिला मान फाउस्तिनोचा. तो सफरचंदाच्या बागेतला मुकादम. डागी फळ त्याला चार ओळींपलीकडून दिसे.

दर शनिवारी त्याच्या अंगणात पुरुष जमू लागले. अडचण एवढीच, की कोम्पाद्रे म्हणजे आपल्या लेकराचा धर्मबाप, भावाहून जवळचा. त्याच्या तोंडावर त्याच्या बायकोच्या छातीची गोष्ट कशी काढायची? म्हणून ठराव झाला : छातीला 'पहिला विषय' म्हणावे, गर्भाशयाच्या मुखाला 'दुसरा विषय'. (क्रम ठरवण्यात एक सभा गेली.)

"पहिला विषय टाळू नका," फाउस्तिनो कळवळून सांगे.

"टाळतोय कोण? पण आज पोसोलेत मीठ कमी पडलंय," कोम्पाद्रे एलादिओ म्हणे.

पोसोले, म्हणजे मक्याच्या टपोऱ्या दाण्यांचा मटणरस्सा, फाउस्तिनोची बायको चेलो पहाटेपासून शिजवी. मदतीला सभासदांच्या बायका. तपासणीची गाडीही शनिवारीच चर्चसमोर येई आणि रिकामी परत जाई. मिरच्या वाटता वाटता चेलो गुणगुणे :

धनी झाडाला पुसतो, कुठं लागली गं कीड,
माझ्या देहाच्या डहाळीची, त्याला का गं वाटे भीड.

तिची आई याच रोगाने गेली होती. आणि आता वाटताना तिच्या काखेपाशी काहीतरी टोचत होते.

"म्हाताऱ्या, या शनिवारी गाडीकडे जाऊन येऊ?" तिने नवऱ्याला विचारले.

"नेमकं याच शनिवारी? अगं, दवाखान्याचे मोठे साहेब येतायत सभा बघायला. पुढच्या वेळी जा. मीच तर गावाला सांगतो, जा म्हणून."

साहेब आले. फाउस्तिनो दोन्ही विषयांवर इतके सुंदर बोलला, की एलादिओने डोळे पुसले. मग सगळे वासाची वाट पाहू लागले. वास येईना. आत पातेले थंडगार, खुंटीवर एप्रनांची रांग. बायकांची रांग चर्चसमोर, आणि सर्वांत पुढे चेलो.

साहेबांनी अहवालात लिहिले : पुरुषांच्या प्रबोधनाने एका दिवसात शंभर टक्के यश.

साहेबांनी दिलेले सन्मानचिन्ह हातात धरून फाउस्तिनो उभा असताना चेलो परतली. "गाठ आहे. मंगळवारी सुईनं तपासणार."

"कुठं?" त्याने विचारले. मग एलादिओसमोरच, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणाला, "छातीत?"

एलादिओने टोपी काढून जमिनीकडे पाहिले.

मंगळवारी फाउस्तिनो तिच्यासोबत गेला. गाठ साधी निघाली. पुढच्या शनिवारी कांदा त्याने चिरला आणि पोटभर रडला. (कांदा जबाबदार होता, अशी नोंद आहे.) पोसोले खारट झाले, तरी एलादिओने दुसऱ्यांदा वाढून घेतले.

आपल्याकडे असली माणसे नाहीत, हे बरे. आता हे वाचत असताना तुमच्या हाताशी चहा आणून ठेवणारीची तपासणी शेवटची कधी झाली, ते तेवढे सांगा. घाई नाही. 'बायकोला विचारून सांगतो' हे उत्तरही चालेल.