चटणीचं चौथं मार्केट

आमच्याकडं जेवायला बसलेला माणूस ‘भाजी छान झालीय’ म्हणतो. शेजारचे मुंजाभाऊ मात्र एक डोळा मिटून ताटाकडं बघतात आणि म्हणतात, "वैनी, हे ताट शूट करायचं तर परभणीत दीड हजार. मानवतला नऊशेत भागंल." मग जेवतात, तेही दोनदा वाढून घेऊन.

मुंजाभाऊ लोकल केबलसाठी जाहिराती करतात. कॅमेरा एक, दिवे दोन आणि मतं पुष्कळ. माझ्या मुलीच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकं चालू असताना ते माझ्या कानाशी लागले, "वैनी, एवढी गर्दी जाहिरातीला आणायची तर घर इकावं लागंल." मी हातातल्या अक्षता त्यांच्याच डोक्यावर टाकल्या.

मी कारळाची चटणी करून विकते. धंदा वाढवायचा म्हणून यंदा साठवलेले सगळे पैसे जाहिरातीसाठी काढले. मला वाटलं होतं, एकच जाहिरात करायची आणि परभणी, मानवत, गंगाखेड, सगळीकडं दाखवायची. हे ऐकून भाऊंना ठसकाच लागला.

"गंगाखेडच्या माणसाला कापूस दाखवून चटणी इकता का? मार्केट बदललं की मागचं रान बदलाया पायजे. तीन मार्केट, तीन जाहिराती!"

परभणीत रस्त्यावर शूटिंग केलं, तर मागं उभ्या असलेल्या रिक्षावाल्यानं भाडं मागितलं. मानवतला कापसाचा ढीग फुकट मिळाला, पण व्यापारी शेवटपर्यंत त्या ढिगावरून उठला नाही. माझ्या चटणीच्या जाहिरातीत तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हसत बसलाय.

गंगाखेडसाठी भाऊंच्या डोक्यात उसाच्या कडेला तीस माणसांची पंगत होती. दिवाळी झाल्यावर आम्ही तिकडच्या एका खेड्यात पोचलो, तीस जणांच्या भाकरी बांधून. बघतो तर घराघराला कुलूप. अख्खं गाव ऊसतोडीला गेलेलं. सारा जन्म याच जिल्ह्यात काढलेला माणूस, उसाच्या नादात हेच विसरला! मी भर रस्त्यात त्यांना फैलावर घेतलं.

एका ओट्यावर कोंडाबाई नावाची म्हातारी तेवढी बसली होती. भाऊंनी तिच्यापुढं ताट ठेवलं आणि वाक्य शिकवलं, "ह्या चटणीबिगर घास उतरत न्हाई."

तिनं विचारलं, "माज्या लेकाला, परल्हादला दिसंल का वो हे? सांगलीकडं तोडीला गेलाय. फोन त्यानंच नेलाय, घरात दुसरा न्हाई. महिना झाला, त्याचा आवाज न्हाई."

"दिसंल की," भाऊ म्हणाले.

कॅमेरा सुरू झाला आणि म्हातारी वाक्य विसरली. कॅमेऱ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "परल्हाद, जेवलास का रं?" आणि वाट बघत बसली. भाऊंनी दुसऱ्यांदा शूटिंग घेतलंच नाही. मला भरून आलं, पण माझ्या चटणीचं काय, हेही मनात आलंच.

पुढं बिल आलं, त्यात चार गावांची नावं. मी भडकले, "सांगलीकडं माझी चटणी कुठं मिळते, भाऊ?"

"त्याच्यापुढं आकडा लिवला न्हाई, तो खर्च माजा, वैनी. तिकडच्या केबलवर लावलीय. परल्हाद ज्या साखर कारखान्याला गेलाय, त्याच्यासमोरच्या हॉटेलात दिवसभर टीव्ही चालू असतो, इचारून घेतलंय." मग उगीच लेन्स पुसत राहिले. "मला मावशीकडं ठेवून माजी आय तोडीला जायची. सहा-सहा महिने तिचा आवाज कानावर पडायचा न्हाई."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

रविवारी सकाळी जाहिरातीतल्या माझ्या नंबरावर फोन आला. ऑर्डर असणार म्हणून मी पेन घेऊन बसले.

"चटणी नको, ताई. मी परल्हाद बोलायलोय. त्या टीव्हीतल्या म्हातारीला तेवढा निरोप द्याल का? म्हणावं, जेवलो."

मी कुंपणावरून भाऊंना हाक मारून सांगितलं. ते दाढी करत होते. अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून त्यांनी मोटरसायकलला किक मारली आणि गंगाखेडचा रस्ता धरला.