मुली किती?

घर बघायला कोणी आलं की आप्पा त्याला आधी पाट देत, मग गुळाचा खडा आणि पाणी देत, आणि तो घोट घेत असतानाच विचारत, "मुली किती?"

गिऱ्हाईक "दोन" म्हणालं, की आप्पा उठून उभे राहत. "मग तोल बसत नाही. या आता."

आप्पांचा सारा जन्म मिठागरावर तोलदारी करण्यात गेला. पेन्शन घेऊन टेंभी नाक्यामागच्या आपल्या छोट्या घरात बसले, तरी त्यांचा तराजू काही सुटला नाही. भाजीला मीठ कमी पडलं तरी "तोल बसत नाही", कीर्तनकार बेसूर गायला तरी "तोल बसत नाही". मी ठाण्याच्या कचेरीबाहेर चटई टाकून खरेदीखतं लिहिणारा माणूस. घर विकणारे शेकडो पाहिले. कोणी रडतं, कोणी भांडतं, कोणी सही करताना बोरू मोडतं. पण विकायला काढलेलं घर दाखवायचं आणि मुलींच्या बापांना हाकलायचं, हा प्रकार माझ्या बुद्धीबाहेरचा होता.

विकण्याचं कारण तरी सरळ होतं. आप्पांना मोतीबिंदू. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी गंगू खाडीपलीकडे भिवंडीला दिलेली. आणि मुलीच्या घरी जाऊन राहणं म्हणजे, शिव शिव! पुतण्या बडोद्याला होता, तो न्यायला तयार होता. गिऱ्हाइकं मीच आणत होतो. कल्याणचा एक लाकडाचा व्यापारी आणला. माणूस भला, घर त्याला पसंत पडलं. आप्पांनी विचारलं, "गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या?"

"मुखवट्यांच्या," तो म्हणाला.

"या आता."

परत येताना व्यापाऱ्याने मला विचारलं, "काय हो केशवराव, म्हातारा घर विकतोय की सोयरीक जुळवतोय?" पुढचं गिऱ्हाईक खड्यांच्या गौरीवालं निघालं, पण त्याला चार मुली. तेही गेलं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"आप्पा, तुम्हाला मुलींचा एवढा तिटकारा का? स्वतःला मुलगी आहे ना?"

"आहे ना," आप्पा म्हणाले, "म्हणूनच."

आता यातून माणसाने काय समजायचं? मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला नाही कळायचं. तिला कळलं होतं की नाही, तेही मला कळलं नाही.

शेवटी पेणहून बदलून आलेले बापूराव आले. सोबत बायको, यमुनाबाई. तीन मुलगे, मुलगी नाही, गौरी खड्यांच्या. आप्पांनी मला त्याच दिवशी खरेदीखत लिहायला बसवलं. घर, विहीर, झाडझाडोरा, निधिनिक्षेपासह, असं नेहमीचं लिहीत आलो, तोच आप्पांनी माझा हात धरला. "पुढे लिहा. भाद्रपदातले गौरीचे तीन दिवस सोडून."

"आप्पा, घर तीन दिवस सोडून विकता येत नाही. रजिस्ट्रारसाहेब कागद माझ्या तोंडावर फेकतील!"

आप्पांनी माझा हात सोडला. मग दिसत नसलेल्या डोळ्यांनी बापूरावांच्या बाजूला बघत म्हणाले, "सात वर्षांची असल्यापासून माझी गंगू तळ्यावरून गौरीचे खडे घेऊन याच दारात येते. घरात लेक असेल त्या घराला माझी लेक कशाला लागेल? तुमच्याकडे मुलगी नाही. दर भाद्रपदात कोणाची तरी मागून आणावी लागणार. तर... माझी मागा. एवढंच."

मी बोरू खाली ठेवला. म्हातारा इतके दिवस मुलीसाठी माहेर शोधत होता, आणि मी त्याला वेडा समजत होतो. मला लाज वाटली.

बापूरावांनी दाराकडे पाहिलं. दाराआडून यमुनाबाईंचा आवाज आला, "कागदावर काही लिहू नका म्हणावं. मी माणूस पाठवीन भिवंडीला."

आप्पा बडोद्याला गेले. निघताना मला म्हणाले, "गौरीच्या दिवशी जाऊन बघा. आली की नाही, तेवढं कार्डावर कळवा."

भाद्रपदात मी गेलो. गंगूताई तळ्यावरून आल्या, हातात तबक, तबकात सात खडे. खडे आणणारीने वाटेत बोलायचं नसतं, म्हणून तोंड मिटलेलं. यमुनाबाईंनी उंबऱ्यावर त्यांच्या पायांवर दूध-पाणी घातलं. मग रीतीप्रमाणे गौरीला घर दाखवायला घेतलं. मी ओटीवर उभा राहून ऐकत होतो. हे स्वयंपाकघर, इथे अन्नपूर्णा आहे. ही कोठी, इथे धान्य उदंड आहे. ज्या घरात गंगूताई जन्मल्या, ते घर त्यांना कोणी दुसरीच दाखवत होती, आणि त्यांना 'हो' म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. डोळे तेवढे वाहत होते. मागच्या खोलीशी यमुनाबाई थांबल्या. "ही माहेरवाशिणीची खोली," त्या म्हणाल्या. "इथे कोणी सामान ठेवत नाही."

मी कार्डावर सगळं लिहिलं, जागा संपली तेव्हा कडेनेही लिहिलं.

आठ दिवसांनी पुतण्याच्या हातचं उत्तर आलं. "आप्पा म्हणतात, तोल बसला. तुमचं कार्ड मला सहा वेळा वाचून दाखवावं लागलं. आता ते स्वतःच हातात धरून बसले आहेत. दिसत तर काहीच नाही, पण परत देत नाहीत."