फुफाजींच्या गळ्यातला शेला

चिचगडात ब्लाउज शिवणारे पुष्कळ आहेत, पण कापडात वीज खेळवणारा टेलर एकच, आणि तो म्हणजे मी, दुलीचंद! मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून ही विद्या मिळवली. वीज वाहणारा चांदीसारखा धागा, मुगाएवढे दिवे आणि रिमोटमधला गोल सेल, बस्स! माझं मत असं, की कला नुसती भिंतीवर टांगून पाहायची नसते. आपण हात लावला की तिनं उत्तर दिलं पाहिजे!

पहिला प्रयोग घरचं पायपुसणं. आत फोम, फोमला भोकं, वरखाली चॉकलेटची चांदी. पाय पडला की दिवे लागणार! त्यावर कुत्रं येऊन झोपलं आणि सेल संपेपर्यंत उठलं नाही. "कुत्र्याची दिवाळी झाली," एवढंच आमच्या सौभाग्यवती चंदाबाई म्हणाल्या. पण मी काय खचणारा!

भाचीचं, भूमिकाचं लग्न ठरलं तसं मी जाहीर केलं, "नवरीची ओढणी अन् नवरदेवाचा शेला मामाकडून!" लग्नात या दोन्हींची गाठ बांधतात ना? मी दोघांच्या टोकांत चांदीचा धागा भरला. टोकं एकमेकांना टेकली की दोन्हीकडचे दिवे झळकणार. गाठ हेच बटन!

भूमिका मात्र घाबरली होती. "मामा, त्याईची आते भल्ली नावं ठेवते. तिच्यासमोर माहं हसं नको करजो, एवढंच."

"अवं, पाहून राहजो तू! साऱ्या जिल्ह्यात नाव निघन!"

नाव निघालं. कसं, ते ऐका.

दरेकशाहून वरात बहिणीच्या गावी, नवेगाव बांधला आली. नवरदेव ओमेश साधा पोरगा. त्याच्या आत्या धुरपताबाई आल्या त्याच "मांडव बुटका हाय" असं म्हणत. सोबत त्यांचे यजमान भैयाजी, ज्यांना सगळी वरात फुफाजी म्हणायची. फुफाजी बोलत नसत. त्यांच्या वाटणीचंही आत्याबाईच बोलत.

वऱ्हाडातल्या मोठ्या माणसांना शेला घालून मान द्यायची आमच्याकडे रीत. त्यासाठी बहिणीनं केशरी शेल्यांचा गठ्ठा आणला होता. माझा शेलाही त्याच दुकानातला, त्याच रंगाचा. चुरगळू नये म्हणून मी तो गठ्ठ्यावर ठेवला. मान कोणाच्या हातानं? नवरीच्या मामाच्या! पहिला मान कोणाला? फुफाजींना! एका हातात माइक धरून मी दुसऱ्या हातानं सगळ्यात वरचा शेला उचलला आणि त्यांच्या गळ्यात घातला; त्याखालचा ओमेशच्या.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही! कारण मी बोलत होतो.

"मंडळी! आज गाठ बांधल्यावर चमत्कार पाहा! जोडी खरी असन तरच दिवे लागतील!"

आता धाग्याला खऱ्याखोट्या जोडीचं काय कळतं? पण माइक हातात आला की माझ्या जिभेला चाकं फुटतात.

मंगलाष्टकं झाली, फेरे झाले. ओमेशच्या बहिणीनं गाठ बांधली. "मांडवाचे लाइट बंद करा!" मी ओरडलो. लाइट गेले. गुडुप अंधार! गाठ काही पेटेना.

"गाठ कसून बांधा!"

तिनं गाठ कसली. तरी अंधारच!

"काऊन हो मामाजी," आत्याबाईंचा आवाज आला, "जोडी खोटी हाय का?"

"नाही नाही, चालल्यावर लागन! भूमिका, मोठ्यायच्या पाया पड, जाय!"

सगळ्यात मोठे फुफाजी. भूमिका वाकली, गाठीबाहेर लोंबणारं ओढणीचं टोक त्यांच्या शेल्याच्या टोकाला टेकलं, आणि झक्क! इकडे नवरी झळकली, तिकडे फुफाजी गळ्यापासून पोटापर्यंत उजळले!

"अगा बाप्पा!" अख्खा मांडव ओरडला.

"या वयात?" आत्याबाई नवऱ्यावर कडाडल्या. "चल ओमेश! वरात वापस!"

"मामा..." भूमिकाचे डोळे डबडबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या जिभेपायी पोरीचा संसार दारातूनच परत निघाला होता!

मी धावत पंगतीकडे गेलो, वरणाचा स्टीलचा चमचा आणला आणि तसाच ओढणीच्या टोकाला टेकवला. ओढणी झळकली!

"पाहा! जोडी-बिडी काही नाही, मी फेकून राहिलो होतो! धाग्याले कोणतंबी लोखंड-चांदी टेकलं का दिवे लागतात. फुफाजी काय, चमचा काय, सारखंच!"

"म्हंजे माहा नवरा अन् वरनाचा चमचा सारखा?"

तेव्हा फुफाजी पहिल्यांदा बोलले. "चमच्याले तरी कोणी हातात घेते."

मांडव हसून लोळला. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग भूमिकापुढे हात केला. "आन वं पोरी, ते ओढणी इकडं."

गाठ सोडून ओढणी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि नवऱ्याच्या शेल्याशी करकचून बांधली. पंडितजींनी डोळे मिटून घेतले. दिवे लागले!

"लागले न!" आत्याबाई म्हणाल्या आणि चक्क लाजल्या! फुफाजींच्या मिशीतलं हसू दिव्यांच्या उजेडात सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या भूमिकानं.

पाठवणीच्या वेळी तिनं ओढणी परत मागितलीच नाही. "आतेबाई, तुमीच ठेवा." पोरगी मामापेक्षा हुशार! तेव्हापासून आत्याबाईंच्या तोंडी तिच्याशिवाय नाव नाही. मला हायसं वाटलं.

परवा फोन आला. कोणीतरी कुजबुजत होतं.

"मामाजी, मी भैयाजी. दरेकशावरून बोलून राहिलो. शेला विझला. बुढी सकाळपासून पुसून राहिली, दुसरी कोण हाय म्हणून."

"अहो, सेल संपला असन! त्याईले सांगा, आता चमच्यानंबी नाही लागत..."

"चमच्याचं तिले पटतच नाही जी! जोडी खरी असन तरच, असं तुमीच तं माइकवर बोलले. आजच्या गाडीनं सेल धाडा. अन् थोडे जास्तीचे धाडजा, ते रोज चेक करते."

फोन ठेवला तर मागे चंदा उभी. "आपल्याले काऊन नाही शिवला असा एक?"

"धागा संपला," मी म्हणालो.

मशीनच्या खणात अजून दोन रिळं आहेत. कृपा करा, तिला सांगू नका!