सायकलीतले पेट्रोल

आमच्या सोसायटीतले आहेरकाका बाजारात निघाले की त्यांच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात अर्ध्या किलोचे पितळी वजन असे. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षे झाली होती. परंतु गोदाकाठच्या भाजीबाजाराला त्यांनी ही बातमी कधी कळू दिली नाही. तागडी तपासल्याशिवाय ते वांग्याला हात लावत नसत. कमी वजन त्यांना खपत नसे, हे समजण्यासारखे आहे. जास्त वजनही खपत नसे, हे त्यांचे वैशिष्ट्य. मखमलाबादच्या मळ्यातून भाजी आणणाऱ्या सखूबाईंनी तोलून झाल्यावर चार मिरच्या वर टाकल्या, की काका त्या मोजून परत करत.

"चार मिरच्यांनी मी काय भिकेला लागत नाय, काका," सखूबाई म्हणत.

"माप म्हणजे माप, बाई."

मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते. मापनातील त्रुटी दोन्ही दिशांना असते, हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवले होते. ते पाळणारा मनुष्य मात्र मी हा एकच पाहिला.

अशा माणसावर बँकेने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा दावा लावला, तेव्हा सोसायटी अवाक झाली. रक्कम सव्वाचार लाखांची. निकाल विरुद्ध गेला आणि पैसे भरता आले नाहीत, तर काकांच्या दोन खोल्यांवर जप्ती येणार होती. काकांनी बँकेचे सगळे उतारे माझ्यापुढे ठेवले आणि व्याज तपासायला सांगितले.

बँकेने एका महिन्याचे व्याज धरलेच नव्हते. दावा आठशे चाळीस रुपयांनी कमी होता. मी हे आनंदाने काकांना सांगितले. ही माझी चूक. पुढच्याच तारखेला काकांनी न्यायालयात उभे राहून ते जाहीर केले. बँकेचे वकील हातातला कागद वाचायचे थांबले. मागितले त्यापेक्षा अधिक देता येत नाही, असे न्यायाधीशांनी शांतपणे समजावले.

"मग ते मी बँकेच्या खिडकीवर भरीन, साहेब," काका म्हणाले.

उताऱ्यांत मला आणखीही काही दिसले होते. दर आठवड्याला पुण्यातल्या एका पंपावर पेट्रोल भरलेले होते. काकांकडे सायकल होती आणि ते वर्षानुवर्षे नाशिकबाहेर गेले नव्हते. पुण्यात होता तो नितीन, त्यांचा पुतण्या. भाऊ-वहिनी गेल्यावर काकांनीच त्याला वाढवले, शिकवले. नोकरी लागल्यापासून त्याचा फोनही नव्हता. खर्च कोणी केला ते कोर्टाला सांगा, म्हणजे त्यालाही दाव्यात ओढता येईल, असे काकांच्या वकिलांनी परोपरीने विनवले होते.

न्यायाधीशांनी विचारले, "ही सगळी खरेदी तुमचीच?"

"माझीच," काका म्हणाले.

निकाल विरुद्ध लागला. मासिक हप्ते मिळाले, तेवढाच दिलासा. चार वर्षे निम्मे पेन्शन जाणार होते आणि एक हप्ता चुकला की जप्ती होती. बाहेर पडून आम्ही सीबीएसच्या बसथांब्यावर उभे राहिलो.

"काका, सायकलीत पेट्रोल कुठे घालता?" मी विचारले.

त्यांनी पिशवीतून वजन काढले, रुमालाने पुसले, पुन्हा आत ठेवले.

"त्याचं नाव निकालात नको. आत्ताच कुठं नोकरीत स्थिरावलाय."

"मग त्याला दिलेलं कार्ड आधीच बंद का नाही केलंत? तो वापरतोय हे तुम्हाला दिसत होतं."

"दिसत होतं, म्हणून तर नाही केलं." काका रस्त्याकडे पाहत होते. "दर महिन्याला उतारा यायचा. पोरगं कुठं जेवलं, ते कळायचं. एकदा औषधाच्या दुकानाची नोंद होती, तर पुढचा उतारा येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता."

बस आली. काकांनी मला पुढे चढू दिले आणि मागून, जणू हिशेबातली एखादी बारीक चूक दाखवावी तसे, म्हणाले, "आता कार्ड बंद झालं. आजारी पडला तर कळणार नाही."