दातिवऱ्याची रेंज आणि ओले बोंबील

चाचणी पार पडली की निमेशला दोन गोष्टी मिळणार होत्या: कंपनीत कायम केल्याचं पत्र आणि जिच्याशी लग्न करायचं त्या पूर्वीच्या वडिलांचा होकार. दुसरी गोष्ट पहिलीवर अडली होती आणि पहिली दातिवऱ्याच्या धक्क्यावरच्या एका पांढऱ्या डब्यावर.

डबा म्हणजे उघड्यावर बसवायचं वायफायचं यंत्र. बर्फाच्या कारखान्यातून येणारी रेंज पकडून ती मच्छीमार सोसायटीच्या वजनकाट्याला पुरवायची, एवढंच त्याचं काम. सकाळी निमेशने तो खांबावर डोक्याच्या जरा वर ठोकला. आणखी वर न्यायचा तर बोईसरहून मोठी शिडी आणावी लागली असती. समोर मासे सुकवायच्या वलांडी होत्या, नुसते बांबू आणि दोऱ्या. बोटी अजून यायच्या आहेत, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. रेंज खणखणीत मिळाली. त्याने लगेच फोन लावला, "साहेब, चारला या."

तीनला रेंज गेली.

निमेशने तारा ओढून पाहिल्या, डबा बंद करून चालू केला, त्याचं तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं. घाम पुसायला मान वर केली, तर समोर ओल्या बोंबलांचा पडदा! बोंबलात मासा कमी, पाणीच जास्त. रेंज त्यातून जाते कशाला!

"मावशी, एवढे काढा ना! साहेब येतायत."

"तुजा सायब येल न् जाईल. बोंबील थांबतो काय?" दोरीवर बोंबील घालणारी सुलूमावशी हात न थांबवता म्हणाली.

"माझी नोकरी जाईल हो!"

"मंग तूच काढ, न् त्या लांबच्या वलांडीवर घाल. जबड्यात जबडा अडकवायचा, जोडीजोडीनं. पाडलास तं बघ!"

पहिली जोडी त्याच्या बुटावर पडली. चौथ्या ओळीला हात बसला. पावणेचारला रेंजच्या दोन काड्या उगवल्या, चारला चार. कृष्णकांत साहेब गाडीतून उतरले तेव्हा निमेशच्या बाह्यांतून पाणी गळत होतं आणि मागे तीन मांजरं उभी होती.

साहेबांनी नाकाला रुमाल लावून मोबाइल पाहिला. "रेंज फुल! शाबास. आता सोसायटीच्या अध्यक्षबाईंची सही घे, की पत्र तुझं."

"अध्यक्ष... बाई?"

सुलूमावशीने पदराला हात पुसले आणि पेन मागितलं. "यंत्र बरं हाय, सायब. पण खांब उंच करा. तवर ह्यालाच हितं ठेवा. पोराचा हात बसलाय."

साहेबांनी पत्रात नेमणुकीच्या जागी असलेलं 'बोईसर' खोडून 'दातिवरे' लिहिलं.

सोसायटीला रेंज मिळाली, साहेबांना सही, मावशीला हंगामभराचा गडी. पूर्वीच्या वडिलांनी पत्र नाकापासून लांब धरून वाचलं आणि होकारही दिला. किंमत मोजली ती पूर्वीने: लग्न ठरल्या दिवशी ती होणाऱ्या नवऱ्याशी खिडकीतून बोलली.