थोरलीच्या टाकीचं कुलूप

पेट्रोलच्या टाकीला कुलपाचं झाकण बसवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापायी बायको, सासरे, मिस्त्री आणि वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर अशा चौघांवर एका आठवड्यात संशय घ्यावा लागेल, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी सांगणाऱ्यावरही संशय घेतला असता.

(तो माझा पेशाच आहे. मी भांडार पडताळणी विभागात कारकून आहे. रजिस्टरात बारा पंखे लिहिले असतील तर कपाटात अकराच निघणार, हे गृहीत धरूनच मी घरून निघतो.)

गाडी सासऱ्यांची. माझ्या बायकोच्या जन्माआधी तीन वर्षं ती घरात आली, म्हणून सासरे गाडीला थोरली म्हणतात आणि बायकोला धाकटी. म्हणजे नात्याने ती माझी मोठी मेव्हणी, आणि माझ्याशी वागतेही तशीच. सासरे पंपघरात यंत्रचालक होते. सगळी नोकरी त्यांनी थोरलीतून ये-जा करून काढली. आता त्यांना दिसत नाही, म्हणून त्यांनी ती माझ्या हवाली केली. धाकटीच्या वेळी दिल्या नव्हत्या एवढ्या सूचना या वेळी दिल्या.

त्यातली एक अशी, की पेट्रोलचा काटा बंद पडलाय, तेव्हा टाकीत लाकडी पट्टी घालून मोजायचं. मी रोज सकाळी मोजू लागलो. रविवारी अकरा सेंटिमीटर भरलं. सोमवारी नऊ! गाडी फाटकाबाहेर गेलेली नसताना! (धुवायला म्हणून मी ती तोंड फिरवून लावली होती, तेवढंच.)

त्याच सकाळी दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले आणि हसून म्हणाले, "काय, गाडी बरी आहे ना?"

आता मला सांगा, ज्या माणसाकडे लोकांच्या तोंडातलं पाणी ओढून घेणारी नळी आहे, त्याने माझ्या गाडीची चौकशी का करावी?

मी जुनं झाकण निरखून पाहिलं. त्याला चक्क टाचणी जाईल एवढं भोक होतं. मी तडक बाजारात गेलो आणि नवं झाकण आणलं. आतून जाड रबर, वर पितळी कुलूप. मुंगीची टाप नव्हती आत शिरायची. जुनं झाकण कचऱ्यात टाकलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

दुसऱ्या दिवसापासून थोरली बिघडली.

सुरू झकास व्हायची. दहा मिनिटं गुणी मुलीसारखी चालायची. मग दोन आचके, एक उसासा, आणि ठप्प. अर्धा तास रस्त्याच्या कडेला घाम पुसत बसलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.

आणि नेमका याच रविवारी सासऱ्यांचा कार्यक्रम. पंपघरातलं जुनं इंजीन अकरा वाजता कायमचं बंद व्हायचं होतं आणि ते चालवणाऱ्यांपैकी हयात असलेल्या दोघांना बोलावणं होतं. सासऱ्यांचा हट्ट एकच. जायचं ते थोरलीतून. तिच्या आवाजावर त्यांना रस्ता कळतो म्हणे. दुसरी गाडी केली तर ते येणारच नव्हते.

मी तिला मिस्त्रीकडे नेलं. थोरलीची नाडी त्याला तीस वर्षं ठाऊक. त्याने कार्बोरेटर उघडला, बारीक भोकांतून हवा फुंकली, तळाची वाटी पुसली, सगळं परत बसवलं. मग बॉनेटच्या दांडीला पेट्रोलची बाटली सलाइनसारखी टांगून तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडली. थोरली तासभर न खोकता चालली.

"साहेब, कार्बोरेटर ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाला. "बाटलीवर चालते, टाकीवर मरते. गडबड टाकीकडे आहे. किल्ली द्या."

मी कान टवकारले. "कसली किल्ली?"

"टाकीची."

"कशाला?"

"उघडून बघायला."

"आत पेट्रोलच आहे."

"तेच बघतो की."

"ते मी मोजलेलं आहे."

"साहेब, मी पिणार नाहीये ते!"

असं आपण होऊन म्हणणारा माणूस मला नोकरीत नेहमी महागात पडलेला आहे. मी किल्ली शर्टाच्या आत ढकलली आणि थोरलीला घेऊन निघालो. (बाजारातल्या गर्दीतून दहा मिनिटांत जेमतेम कोपरा गाठला आणि तिथेच ती ठप्प झाली. मिस्त्री दुकानाच्या पायरीवर बसून चहा पीत मला बघत होता.)

शुक्रवारी डोकं दुखलं म्हणून दुपारीच घरी आलो, तर बायको फोनवर हळू आवाजात बोलत होती.

"हो ना बाबा, तिचा श्वासच कोंडलाय... ह्यांना कोण सांगणार? गळ्यात घालून हिंडतात... आंघोळीला गेले की काढून घेऊ का? मिस्त्रींना बोलावून ठेवते."

मी दारातूनच ओरडलो, "कोणाचा श्वास कोंडलाय?"

ती दचकली. "थोरलीचा."

"गाडीला श्वास नसतो!"

"बाबा म्हणतात, असतो."

म्हणजे तिघंही सामील! माझ्या नालायकीचा पुरावा गोळा करून गाडी परत काढून घ्यायचा हा बेत होता. त्या दिवसापासून मी किल्लीसकट आंघोळ करू लागलो.

रविवारी सव्वादहाला निघालो. कडक इस्त्रीचा शर्ट घालून सासरे माझ्या शेजारी, मागे बायको, आणि तिच्याजवळ न बोलावता आलेला मिस्त्री. बारा मिनिटं ती बिनतक्रार चालली. मग पुलाच्या ऐन चढावर थोरलीने दोन आचके दिले आणि उसासा टाकला.

मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. सासऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी रागावून बघायचं म्हटलं तरी त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी नुसता हात पुढे केला.

"जावईबापू, किल्ली."

त्या हाताशी मला वाद घालता येईना. मी गळ्यातला दोरा काढून दिला.

सासरे उतरले आणि गाडीच्या अंगावरून हात फिरवत टाकीपाशी गेले. कुलूप त्यांच्या बोटांनीच शोधलं. झाकण जरा फिरलं आणि आवाज आला, "फुऽऽऽस्स..."

"घेतला श्वास!" बायको आणि मिस्त्री एकदम म्हणाले.

"पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला नको?" सासरे म्हणाले. "जुन्या झाकणाला भोक त्यासाठीच होतं. तुम्ही तिचं नाक दाबून धरलंत आणि वर म्हणालात, पळ."

"पण मग आधी पेट्रोल कमी झालं होतं ते?"

"तुमच्या अंगणाला उतार केवढा आहे!" मिस्त्री म्हणाला. "तोंड फिरवून लावली की आतलं पेट्रोल दुसरीकडे सरकतं. पट्टी काय करणार?"

बायकोने पर्समधून जुनं झाकण काढलं. तिने ते सोमवारीच कचऱ्यातून उचलून धुऊन ठेवलं होतं. ते बसवलं आणि थोरली जी सुटली, ती थेट पंपघराच्या दारात. अकराला चार मिनिटं कमी होती. इंजीन बंद झालं तेव्हा सासऱ्यांचा तळवा त्याच्यावर होता. शेवटची थरथर विरल्यावरही त्यांनी तो बराच वेळ काढला नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"जावईबापू, रागावू नका, पण खरं सांगा. मला इथे आणायचं तुमच्या मनातच नव्हतं का? म्हणून मुद्दाम ते झाकण..."

"साहेब, मलाही तोच संशय होता," मिस्त्री खाली बघत म्हणाला.

मी गार पडलो. आठवडाभर मी ज्यांच्यावर पाळत ठेवली, ते सगळे माझ्यावर पाळत ठेवून होते! शेवटी बायको पुढे झाली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ठामपणे म्हणाली, "काहीतरीच काय, बाबा! मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतेय. मुद्दाम करायचं तर त्या भोकाचा उपयोग आधी कळायला हवा. ह्यांना?"

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. "हं. हे मात्र खरं."

"बरोबर आहे, ताई," मिस्त्री म्हणाला.

आणि अशा रीतीने तिघांच्या एकमताने माझी निर्दोष सुटका झाली.