शहाबादी फरशीवरचे प्रथिन

दुपारी बारा वाजता बंगळूरहून डॉ. वीरभद्रप्पा यंत्राच्या पाहणीला येणार होते, आणि तुळजाच्या पडद्यावर प्रथिनाऐवजी नांगरलेले शेत दिसत होते. अणुबल सूक्ष्मदर्शक पाहत नाही, चाचपतो: केसाहून कितीतरी बारीक टोकाची सुई प्रथिन पसरलेल्या अभ्रकावरून ओळीमागून ओळ फिरते आणि तिथल्या चढउतारांचे चित्र काढते. लोह साठवणारे ते गोल प्रथिन आज दिसले नाही, तर यंत्र बंगळूरला जाणार होते आणि तुळजाचा चार वर्षांचा प्रबंध बुडणार होता. गुलबर्ग्यातल्या तिच्या महाविद्यालयाचे विभागप्रमुख श्रीपतराव यांनी यंत्र रस्त्याकडेच्या खोलीत बसवले होते. पाहुण्यांना येताजाता दिसावे, हा त्यामागचा एकमेव वैज्ञानिक विचार. तुरीने भरलेली लॉरी गेली, की सुई थरथरे आणि चित्रात रेघ उमटे.

औरादहून भाकरी घेऊन आलेली अनसाबाई लेकीची तगमग पाहत होती.

"माय, गाडीचा हादरा लागायलाय त्याला."

"मग भुईवर कामून ठेवलंस? लेकराला झोळीत टांगतात तसं टांग की."

तुळजा हसली. मग हसायची थांबली.

पंखा उतरवून त्याच्या हुकाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या. पट्ट्यांत शहाबादी फरशी, फरशीवर यंत्र. अनसाबाईने फरशी दाबून सोडली. "आणखी लांब सोड. झोका सावकाश यावा." पंखा गेल्याने खोलीची भट्टी झाली, म्हणून खिडकी उघडली, खिडकीतून गोंगाट आला, म्हणून अनसाबाईने बसायला आणलेले घोंगडे यंत्राभोवती लपेटले. तुळजाने सुई पुन्हा चालू केली, तोच दणदणीत आवाजाचे श्रीपतराव पाहुण्याला घेऊन दारात उभे.

"प्रयोगशाळा हाय का बाळंतिणीची खोली? उतरव ते. साहेब, ह्या पोरीला मी कवापासून सांगायलोय..."

"थांबा," वीरभद्रप्पा पडद्याकडे पाहत म्हणाले.

सपाट अभ्रकावर गोल दाणे ओळीओळीने उमटत होते. बाहेरून लॉरी गेली. दाणे हलले नाहीत. मध्ये मात्र तीन जाड रेघा होत्या.

"ह्या कशाच्या?" वीरभद्रप्पांनी हळूच विचारले.

श्रीपतरावांना संधी दिसली. "मी म्हणत न्हवतो? असल्या गावठी..."

चौथी रेघ उमटली.

"साहेब, मला..."

पाचवी.

वीरभद्रप्पांनी सावकाश चष्मा पुसला. "लॉरी पचली सर, तुमचा आवाज पचंना. जरा बाहेर थांबता का?"

अर्ध्या तासात पडदा दाण्यांनी भरला. तुळजाने एकेकाची उंची मोजली. ती ग्रंथातल्या आकड्याशी जुळली.

"यंत्र इथंच राहील," वीरभद्रप्पा कुजबुजले. "अक्का, पट्टी किती लांब, हे कसं ठरवलंत?"

"लेकराच्या वजनावर असतंय, अप्पा."

त्यांनी ते जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले.

दाराबाहेर श्रीपतराव तोंड मिटून उभे होते. संशोधनाला त्यांनी केलेली ती पहिलीच प्रत्यक्ष मदत.